टॉपच्या अमेरिकन लॉ स्कूलला जायचं, तर आधीचं कॉलेजही टॉपचंच लागतं का?

सन २०१०. अमेरिकेतल्या येल लॉ स्कूलमध्ये नवीन बॅच आली. त्या बॅचमधले हे दोन विद्यार्थी.

एक मुलगी, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ वाढलेली. आईवडील भारतातून तिकडे गेलेले, मूळ आंध्रचे. तिने येलमधूनच इतिहासात पदवी घेतली, मग शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकून आली.

दुसरा मुलगा ओहायो राज्यातल्या मिडलटाऊनचा. घरची परिस्थिती ओढाताणीची. शाळा संपल्यावर कॉलेजऐवजी तो मरीन दलात भरती झाला. तिथून परतल्यावर ओहायो स्टेट या सरकारी विद्यापीठातून पदवी घेतली आणि थेट येल गाठलं.

दोघांची ओळख याच वर्गात झाली, पुढे लग्नही झालं. मुलीचं नाव उषा चिलुकुरी. मुलाचं नाव जे. डी. व्हान्स, जो २०२५ मध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला.

एक जण नावाजलेल्या कॉलेजातून आली, दुसरा सरकारी विद्यापीठातून, आणि पोचले एकाच वर्गात. म्हणजे आधीचं कॉलेज कुठलं याला काही किंमत नाही, असं म्हणायचं का?

थांबा. आता अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाकडे बघा. तिथे ९ न्यायाधीश असतात. सध्याच्या ९ पैकी ८ जणांनी कायद्याचं शिक्षण हार्वर्ड किंवा येलमध्ये घेतलंय. आणि त्याआधीची पदवी? ९ पैकी ७ जणांची पदवी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार ठिकाणची आहे. अपवाद दोनच. क्लॅरेन्स थॉमस होली क्रॉस कॉलेजचे आणि एमी कोनी बॅरेट मेम्फिसच्या ऱ्होड्स कॉलेजच्या.

मग खरं काय? कॉलेजचं नाव चालतं की नाही? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. पण प्रवेशाची यंत्रणा कशी चालते हे कळलं, की बराचसा गुंता सुटतो.

आधी तिकडची पद्धत

आपल्याकडे बारावी झाली की क्लॅट किंवा सीईटी देऊन पाच वर्षांच्या लॉ कोर्सला जाता येतं. अमेरिकेत ही सोय नाही. तिथे आधी चार वर्षांची पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांचा ‘जेडी’ हा कायद्याचा कोर्स करायचा.

पदवी कुठल्या विषयात हवी? कुठल्याही. इतिहास, गणित, संगीत, इंजिनिअरिंग, काहीही चालतं. लॉ स्कूलांना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशन कुठल्याच एका विषयाची शिफारस करत नाही. त्यामुळे अठराव्या वर्षी कॉलेज निवडताना ‘पुढे लॉ करायचंय’ असं ठरवलेल्या मुलांपुढे विषयाचं फार ओझं नसतं. खरा प्रश्न कॉलेजचा असतो. घराजवळचं स्वस्त सरकारी विद्यापीठ घ्यायचं, की कर्ज काढून नावाजलेलं खासगी कॉलेज?

सगळा खेळ दोन आकड्यांभोवती

लॉ स्कूलच्या अर्जात बऱ्याच गोष्टी असतात. शिफारसपत्रं, स्वतःबद्दलचा निबंध, कामाचा अनुभव. पण सगळ्यात आधी नजर जाते ती दोन आकड्यांवर.

पहिला आकडा एलसॅटचा. ही प्रवेशपरीक्षा १९४८ पासून घेतली जाते. तिचा स्कोअर १२० ते १८० च्या दरम्यान असतो. कायद्याचं ज्ञान यात विचारत नाहीत. उतारा वाचून समजतो का आणि युक्तिवादातली खोट सापडते का, हे तपासतात. पूर्वी यात कोड्यांसारखा ‘लॉजिक गेम्स’ हा भाग असायचा, तो ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकला. काही लॉ स्कूल आता एलसॅटऐवजी जीआरईचा स्कोअरही घेतात.

दुसरा आकडा जीपीएचा. म्हणजे पदवीच्या चार वर्षांतल्या ग्रेडची सरासरी.

हार्वर्ड-येलसारख्या ठिकाणी हे आकडे डोळे फिरवणारे आहेत. तिथे मधल्या विद्यार्थ्याचा एलसॅट १७० च्या बराच वर आणि जीपीए ३.९ च्या पुढे असतो. ‘मधला’ म्हणजे सगळ्या मुलांना आकड्यानुसार ओळीत उभं केलं, तर बरोबर मध्यभागी येणारा.

हा मधला आकडा फार महत्त्वाचा आहे. प्रत्येक लॉ स्कूलला बार असोसिएशनच्या नियमानुसार तो दरवर्षी जाहीर करावा लागतो. शिवाय ‘यूएस न्यूज’च्या गाजलेल्या रँकिंगमध्येही तो मोजला जातो. रँकिंग घसरलं की माजी विद्यार्थी नाराज, देणगीदार नाराज. त्यामुळे मधला आकडा खाली येऊ नये म्हणून लॉ स्कूल जिवाचा आटापिटा करतात.

२०२२ च्या शेवटी येलने या रँकिंगला सहकार्य करणं बंद केलं. पाठोपाठ हार्वर्ड आणि इतर अनेक जण बाहेर पडले. नंतर यूएस न्यूजने एलसॅट आणि जीपीएचं वजन कमी केलं. पण ते शून्य झालेलं नाही.

आता यातली गंमत बघा. समजा एका लॉ स्कूलचा मधला जीपीए ३.९ आहे. त्यांच्याकडे दोन अर्ज आले. एक प्रिन्स्टनचा मुलगा, जीपीए ३.६. दुसरी एका अनोळखी सरकारी विद्यापीठातली मुलगी, जीपीए ३.९५. जाहीर होणाऱ्या तक्त्यात कॉलेजचं नाव कुठेच नसतं, फक्त आकडा असतो. मुलगी घेतली तर मधला आकडा वर सरकायला मदत होते, मुलगा घेतला तर तो खाली ओढला जातो.

म्हणजे निदान या एका बाबतीत, अवघड कॉलेजात कमी ग्रेड घेणाऱ्यापेक्षा साध्या कॉलेजात पहिला नंबर काढणारा फायद्यात राहतो.

जीपीए मोजायची पद्धतच वेगळी

पुष्कळ मुलांना उशिरा कळणारी एक गोष्ट म्हणजे, कॉलेजने दिलेला जीपीए लॉ स्कूल जसाच्या तसा घेत नाहीत.

सगळे अर्ज ‘एलएसएसी’ या संस्थेमार्फत जातात. ही संस्था मुलाच्या सगळ्या गुणपत्रिका मागवते आणि आपल्या नियमांनी जीपीए नव्याने काढते. त्या नियमांमध्ये काही खाचाखोचा आहेत.

एक, ‘ए प्लस’ ग्रेडला ४.३३ गुण मिळतात आणि साध्या ‘ए’ला ४.०. हार्वर्ड कॉलेज ए प्लस देतच नाही. म्हणजे तिथला सर्वोत्तम विद्यार्थीही ४.० च्या वर जाऊ शकत नाही. ए प्लस देणाऱ्या कॉलेजातला विद्यार्थी मात्र जाऊ शकतो.

दोन, पहिली पदवी मिळेपर्यंतचं सगळं धरलं जातं. शाळेत असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स केला आणि त्यात ‘सी’ मिळाला, तर तोही यात येतो. सोळाव्या वर्षी सहज म्हणून केलेला कोर्स पुढे पाठ सोडत नाही.

तीन, पहिल्या पदवीनंतर कितीही शिकलात तरी हा आकडा बदलत नाही. एमए केलं, पीएचडी केली, तरी जीपीए तोच.

शिवाय ग्रेड वाटण्यात प्रत्येक कॉलेजचा हात वेगळा असतो. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ठरवलं की ‘ए’ श्रेणीतल्या ग्रेडचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं. ग्रेडला किंमत राहावी हा हेतू चांगला होता. पण पुढच्या प्रवेशात आणि नोकरीत आपण मागे पडू, अशी धास्ती मुलांनी घेतली. शेवटी २०१४ मध्ये हे धोरण मागे घेतलं. याउलट हार्वर्डमध्ये २०२०-२१ या वर्षात दिलेल्या ग्रेडपैकी ७९ टक्के ग्रेड ‘ए’ श्रेणीतल्या होत्या.

त्यामुळे ‘मोठं कॉलेज म्हणजे ग्रेड मिळणं अवघड’ हा समजही सरसकट खरा नाही. कधीकधी सरकारी विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या मुलाला ‘ए’साठी जास्त घाम गाळावा लागतो.

मग कॉलेजचं नाव कुणी बघतच नाही का?

बघतात. एलएसएसी जो अहवाल लॉ स्कूलला पाठवते, त्यात फक्त जीपीए नसतो. त्या कॉलेजातून अर्ज करणाऱ्या मुलांमध्ये हा विद्यार्थी कितव्या स्थानावर आहे आणि त्या कॉलेजातल्या अर्जदारांचा सरासरी एलसॅट किती, हेही दिलेलं असतं. म्हणजे फाइल वाचणाऱ्याला अंदाज बांधता येतो की ३.८ हा आकडा त्या ठिकाणी मोठा की साधा.

एकेकाळी तर याचं थेट गणितच मांडलं जायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली लॉ स्कूलमध्ये अर्जदाराचा जीपीए त्याच्या कॉलेजनुसार वरखाली केला जायचा. काही नावाजलेल्या कॉलेजांच्या मुलांचा आकडा वाढायचा, काही सरकारी कॉलेजांच्या मुलांचा कमी व्हायचा. १९९७ मध्ये वर्तमानपत्रांतून याची चर्चा झाली.

वेळही नाजूक होती. कॅलिफोर्नियात १९९६ च्या जनमतानंतर सरकारी संस्थांना प्रवेश देताना वंशाचा विचार करायला बंदी आली होती. १९९७ च्या बर्कली लॉच्या नव्या बॅचमध्ये फक्त एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. गरीब घरातली मुलं घराजवळच्या सरकारी कॉलेजात जातात, मग तिथल्या ग्रेडची किंमत आधीच कमी धरणं कितपत बरोबर, असा प्रश्न विचारला गेला. प्रवेशपद्धतीचा फेरविचार झाला आणि हे गणित बंद करण्यात आलं.

आज फाइल माणूस वाचतो आणि त्याच्या मनात कॉलेजचं नाव थोडंफार असतंच. पण ते बहुतेक वेळा दोन सारख्या अर्जांमधून एक निवडताना उपयोगी पडतं. एलसॅट १६० असेल, तर कॉलेजचं नाव वाचवायला येत नाही.

तरी हार्वर्ड-येलचीच मुलं इतकी का दिसतात?

टॉपच्या लॉ स्कूलमध्ये शंभराहून जास्त वेगवेगळ्या कॉलेजांची मुलं असतात, हे खरंय. पण बहुतेक कॉलेजांतून एखाद-दुसराच विद्यार्थी येतो आणि मोजक्या कॉलेजांतून डझनांनी येतात.

याचं एक सोपं कारण आहे. जी मुलं अठराव्या वर्षी परीक्षांमध्ये पुढे असतात तीच हार्वर्डला जातात, आणि तीच बाविसाव्या वर्षी एलसॅटमध्येही पुढे असतात. आपल्याकडे ‘अमुक क्लासचे इतके विद्यार्थी आयआयटीत’ अशी जाहिरात झळकते, तेव्हा जो प्रश्न पडायला हवा तोच इथे पडायला हवा. क्लासने मुलं हुशार केली, की क्लासने हुशार मुलंच घेतली?

हे वेगळं करून बघण्याचा प्रयत्न अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांकडून होकार-नकार मिळालेल्या मुलांची तुलना केली. त्यातली काही नावाजलेल्या कॉलेजात गेली, काहींनी साधं कॉलेज निवडलं. पुढे दोघांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांमध्ये. त्यांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला. त्यांनी सर्वांत नावाजलेली १२ कॉलेजं घेतली आणि तिथल्या वेटिंग लिस्टवरच्या मुलांकडे पाहिलं. वेटिंगवरून कुणाला जागा मिळते आणि कुणाला नाही, यात बराच नशिबाचा भाग असतो. म्हणून ही तुलना जास्त भरवशाची.

त्यात दिसलं की सरासरी कमाईत फार फरक पडत नाही. पण राज्याच्या चांगल्या सरकारी विद्यापीठात गेलेल्या मुलाच्या तुलनेत, या १२ पैकी एका कॉलेजात गेलेल्या मुलाची टॉपच्या उच्च शिक्षण संस्थेत पोचण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. हा अभ्यास फक्त लॉ स्कूलचा नाही, सगळ्या प्रकारच्या उच्च शिक्षणाचा आहे. तरीही तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

फायदा कुठून येतो, याचे काही धागे दिसतात. अशा कॉलेजात लॉ स्कूलसाठी सल्ला देणारे खास लोक असतात. वर्ग लहान असतात, त्यामुळे प्राध्यापक मुलाला नावाने ओळखतो आणि शिफारसपत्रात लिहायला त्याच्याकडे काहीतरी असतं. तीनशे मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्याचं पत्र तितकं वजनदार होत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूची चार मुलं हार्वर्ड लॉचा अर्ज भरत असतात, त्यामुळे पाचव्याला ते अशक्य वाटत नाही.

कधी घरच्यांना आधी संधीही मिळते. हार्वर्ड लॉ स्कूलची एक योजना आहे, तिसऱ्या वर्षातच अर्ज करायचा आणि पदवीनंतर दोनेक वर्षं काम करून मग यायचं. सुरुवातीला ती फक्त हार्वर्ड कॉलेजच्या मुलांसाठी होती. २०१७ मध्ये ती सगळ्या कॉलेजांसाठी खुली झाली.

खरा घोळ पैशाचा

हा सगळा खल चार घटका गप्पांसाठी नाही. यात एका कुटुंबाची आयुष्यभराची जमापुंजी पणाला लागलेली असते.

समजा न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब आहे. मुलीला लॉ करायचंय. एका बाजूला राज्याचं रटगर्स विद्यापीठ, जिथे राज्यातल्या मुलांना वर्षाचं शिक्षण शुल्क वीस हजार डॉलरच्या आत पडतं. दुसऱ्या बाजूला एक महागडं खासगी कॉलेज, राहण्या-खाण्यासह वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर. चार वर्षांत दोन्हींतला फरक लाखो डॉलरवर जातो.

आणि ही फक्त पहिली पदवी. टॉपच्या लॉ स्कूलचा खर्च राहण्यासह वर्षाला एक लाख डॉलरच्या वर आहे आणि तिथे तीन वर्षं काढायची असतात. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड लॉ स्कूल गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त आर्थिक गरज पाहून मदत करतात. शिवाय २०२५ च्या कायद्याने सरकारी कर्जालाही लगाम घातला. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना लॉसारख्या कोर्ससाठी वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच सरकारी कर्ज मिळतं. वरचा खर्च घरातून करायचा किंवा खासगी कर्ज काढायचं.

नोकरी मोठ्या लॉ फर्ममध्ये लागली तर पहिल्या वर्षाचा पगार २ लाख २५ हजार डॉलरपर्यंत असतो, कर्ज फिटतं. पण सरकारी वकिली किंवा सामाजिक संस्थेत काम करायचं असेल तर इतका पगार नसतो. पदवीलाच डोक्यावर कर्ज झालं असेल, तर मनासारखं काम निवडायची मोकळीक तिथेच संपते.

यातही एक मेख आहे. अतिश्रीमंत कॉलेजं मध्यमवर्गीयांना स्वस्तही पडू शकतात. हार्वर्ड कॉलेजने २०२५-२६ पासून वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरपर्यंत असलेल्या घरांना शिक्षण शुल्क माफ केलं. म्हणून छापील फी बघून ठरवू नये. मदत वजा करून घरातून प्रत्यक्षात किती जाणार, तो आकडा बघावा.

भारतातून जाणाऱ्यांचं काय?

महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीला जायचं तर सीईटी द्यावी लागते. खुल्या गटात पदवीला ४५ टक्के हवेत, त्यापुढे मेरिट लिस्ट सीईटीच्या गुणांवर लागते. पदवी पुण्या-मुंबईच्या नामवंत कॉलेजची की तालुक्याच्या कॉलेजची, याने फरक पडत नाही.

इथली पदवी घेऊन अमेरिकेत जेडी करायचं असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय पदवीला एलएसएसी जीपीएचा आकडा देतच नाही. गुणपत्रिका तपासून ‘उत्कृष्ट’, ‘सरासरीपेक्षा वर’, ‘सरासरी’, ‘सरासरीपेक्षा खाली’ अशा अर्थाचा शेरा देते. तो मधल्या जीपीएच्या हिशेबात धरला जात नाही. साहजिकच एलसॅटवर सगळा भार येतो. तीन वर्षांची पदवी चालते का, हे त्या त्या लॉ स्कूलला आधीच विचारून घ्यावं.

भारतातून एलएलबी करून जाणारे बहुतेक जण मात्र एक वर्षाच्या ‘एलएलएम’ला जातात. तिथे एलसॅट लागत नाही. त्यामुळे लॉ कॉलेजमधले गुण, वर्गातला नंबर, शिफारसपत्रं आणि कामाचा अनुभव यांनाच वजन येतं.

मग ठरवायचं कसं?

एवढं सगळं पाहिल्यावर क्रम असा लागतो. सगळ्यात वर एलसॅट आणि जीपीए. मग कामाचा अनुभव, निबंध, शिफारसपत्रं. त्यानंतर कॉलेजचं नाव.

नाव फुकट किंवा स्वस्तात मिळत असेल तर नक्की घ्यावं, विशेषतः घरात आधी कुणी एवढं शिकलेलं नसेल तर. कारण सल्ला, ओळखी आणि हिंमत या गोष्टी अशाच मुलांना घरातून मिळत नाहीत. पण ‘पुढे लॉ स्कूल मिळेल’ एवढ्या एका आशेवर दोन-तीन लाख डॉलरचं कर्ज काढणं महागात पडू शकतं. तिथे जाऊन ग्रेड घसरले, तर पैसे गेले आणि जीपीएही गेला.

साध्या कॉलेजात जाणाऱ्याने मात्र एक गोष्ट ओळखून राहायला हवी. तिथे मोठ्या कॉलेजसारखी वाट कुणी दाखवणार नाही. दोन प्राध्यापक शोधायचे, त्यांच्या लहान वर्गांना बसायचं, पहिल्या सत्रापासून ग्रेड सांभाळायचे आणि एलसॅटला सहा-आठ महिने मनापासून द्यायचे. हे सगळं स्वतःलाच करावं लागतं.

ओहायो स्टेटमधून येलला पोचता येतं, हे व्हान्सच्या उदाहरणाने दिसलं. पण सुप्रीम कोर्टातल्या त्या ९ पैकी ७ जणांचा आकडाही खोटा नाही. साध्या कॉलेजातून येणाऱ्यासाठी दार बंद नाही, तिथवरची वाट मात्र त्याला स्वतःच शोधावी लागते.